प्रथिनांची संरचना आणि संस्थांचा शेजार : पुण्यातील संशोधन-सहकार्याच्या संदर्भात

बीजशब्द : संरचनात्मक जीवशास्त्र, प्रथिन, स्फटिक, विकर, आंतरसंस्थात्मक सहकार्य, चांदीपुरा विषाणू

प्रस्तावना

१९६५ साली नागपुरात तापाची साथ सुरू असताना चांदीपुरा भागातील दोन रुग्णांच्या रक्तातून एक नवा विषाणू वेगळा करण्यात आला. पुण्याच्या तत्कालीन व्हायरस रिसर्च सेंटरमधील भट्ट आणि रॉड्रिग्ज यांनी १९६७ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले आणि त्या वस्तीचे नाव विषाणूला मिळाले. पुढे जवळजवळ चार दशके या विषाणूकडे फारसे कोणाचे लक्ष नव्हते. २००३ मध्ये आंध्र प्रदेशात मेंदूज्वराची जी साथ आली तीत ३२९ बालके आजारी पडली व १८३ दगावली. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेने या साथीमागे चांदीपुरा विषाणू असल्याचे दाखवून दिले. २००७ मध्ये हीच साथ नागपूर विभागात, म्हणजे आपल्या दारात आली. २०२४ मध्ये ती गुजरातेत मोठ्या प्रमाणावर उद्भवली. या रोगावर परवानाप्राप्त लस नाही.

या विषाणूच्या पृष्ठभागावर ‘जी’ नावाचे एक प्रथिन असते. त्याच्या आधारे विषाणू पेशीला चिकटतो आणि आत शिरतो. शरीराची प्रतिपिंडेही प्रामुख्याने याच प्रथिनाला ओळखतात. लस किंवा औषध यांचा विचार करावयाचा तर या प्रथिनाचा आकार अणूंच्या पातळीवर ठाऊक असणे उपयोगाचे असते. तो आकार २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि तो फ्रान्समधील संशोधकांच्या गटाने निश्चित केला. रुग्ण नागपूरचे, विषाणूची ओळख पुण्याची, आणि संरचना पॅरिसजवळच्या प्रयोगशाळेची. ज्ञान कोठूनही आले तरी ते स्वागतार्हच आहे. तथापि, या प्रवासात मधले टप्पे आपल्याकडे का जुळले नाहीत, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

प्रस्तुत लेखात संरचनात्मक जीवशास्त्रातील संशोधन नेमके कसे चालते, त्यात जवळजवळ असलेल्या संस्थांचे सहकार्य कोणत्या टप्प्यावर निर्णायक ठरते आणि पुण्यात हे सहकार्य कसे घडले, याचा विचार केला आहे. विषय तांत्रिक असला तरी इतर विद्याशाखांच्या वाचकांस तो समजावा अशी मांडणी ठेवली आहे.

आकार समजण्याचा मार्ग

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांबच लांब माळ होय. परंतु ही माळ पेशीत सरळ दोरीसारखी पडून राहत नाही. ती विशिष्ट रीतीने दुमडते, वळते, आणि त्या घडीतूनच प्रथिनाला त्याचे काम करता येते. माळेवर शंभर स्थानांच्या अंतरावर असलेली दोन अमिनो आम्ले घडी पडल्यावर अगदी शेजारी येतात. म्हणूनच माळेतील क्रम समजला तरी काम कसे चालते हे समजतेच असे नाही. त्यासाठी त्रिमितीय रचना लागते.

ही रचना पाहण्याची जुनी आणि आजही सर्वाधिक वापरली जाणारी पद्धत म्हणजे क्ष-किरण स्फटिकशास्त्र. तिचे टप्पे थोडक्यात सांगणे आवश्यक आहे, कारण सहकार्याचा सगळा प्रश्न त्या टप्प्यांतच दडलेला आहे. प्रथम हवे ते प्रथिन मुबलक प्रमाणात मिळवावे लागते. त्यासाठी ते मूळ जीवाणूतून काढावे लागते किंवा त्याचे जनुक दुसऱ्या जीवाणूत घालून त्याच्याकडून करवून घ्यावे लागते. मग ते इतर हजारो प्रथिनांपासून वेगळे करून शुद्ध करावे लागते. यानंतर स्फटिक तयार करण्याचे काम. प्रथिनाच्या द्रावणाचा एक इवलासा थेंब क्षाराच्या किंवा अन्य रसायनाच्या द्रावणावर बंद जागी लटकवून ठेवतात; थेंबातील पाणी हळूहळू कमी होते आणि दैव अनुकूल असेल तर त्यात स्फटिक दिसू लागतो. येथे ‘दैव’ हा शब्द मुद्दाम वापरला आहे. सामू, तापमान, क्षाराचे प्रमाण यांचे शेकडो मेळ करून पाहिले तरी स्फटिक येत नाही असे अनेकदा घडते आणि का येत नाही याचे उत्तर कोणत्याही पुस्तकात नसते. आला तरी तो मिठाच्या खड्यासारखा टणक नसतो. प्रथिनाच्या स्फटिकात साधारण निम्मे पाणीच असते. तो मऊ, नाजूक आणि बहुधा मिलिमीटरच्या दशांशाएवढा असतो.

चांगला स्फटिक हाती आला की तो सुमारे उणे १७३ अंश सेल्सिअसपर्यंत गोठवून त्यावर क्ष-किरणांचा झोत सोडला जातो. किरणांचे विवर्तन होऊन ठिपक्यांचे चित्र मिळते. ठिपक्यांची तीव्रता मोजता येते, परंतु तरंगांची कला मोजता येत नाही. ती अन्य मार्गाने शोधावी लागते. स्फटिकात पाऱ्यासारखा जड अणू बसवून किंवा आधीच ठाऊक असलेल्या सदृश प्रथिनाचा आधार घेऊन ही अडचण ओलांडतात. शेवटी संगणकावर इलेक्ट्रॉनांच्या घनतेचा नकाशा तयार होतो आणि त्यात अमिनो आम्लांची माळ बसवली जाते. ती योग्य बसली की नाही हे पडताळण्यासाठी जगभर जो आलेख वापरतात तो १९६३ मध्ये मद्रास येथे जी. एन. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडला होता.

एवढे टप्पे एकाच व्यक्तीला साधणे कठीण. जनुक हाताळणारा, विकरांचे रसायन जाणणारा, स्फटिकांशी धीराने झगडणारा, गणित व संगणक जाणणारा, आणि ज्याच्याकडे मूळ प्रश्न आहे तो वैद्य, सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ किंवा कारखानदार अशी निदान पाच माणसे एकत्र यावी लागतात.

बंगळूरचा पूर्वेतिहास

भारतात प्रथिन-स्फटिकशास्त्राचा पाया बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत एम. विजयन यांनी घातला. १९६९ मध्ये ऑक्सफर्डला डोरोथी हॉजकिन यांच्या ज्या गटाने इन्सुलिनची रचना उलगडली त्यात ते होते. मायदेशी परतल्यावर मात्र साधनांअभावी प्रथिनांवरील काम दीर्घकाळ रखडले. १९९४ मध्ये त्यांच्या गटाने शेंगदाण्यातील लेक्टिन या प्रथिनाची रचना प्रसिद्ध केली. चार समान घटकांचे हे प्रथिन अपेक्षित सममितीत बसत नव्हते, त्यामुळे ते जगभर चर्चेचा विषय झाले. आपल्या शेतातील भुईमुगात असे काही असेल याची कल्पना कोणाला होती! लेक्टिनांच्या रसायनाचे जाणकार अवधेश सुरोलिया हे विजयन यांचे त्याच परिसरातील सहकारी होते आणि शोधनिबंधावर दोघांचीही नावे आहेत.

याच गटात घडलेले सी. जी. सुरेश पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत आले. ऑक्सफर्डच्या इन्सुलिन गटातील विजयन यांचे एक सहकारी गाय डॉडसन हे इंग्लंडमधील यॉर्क विद्यापीठात होते. पुण्यातील पुढील कामाला ही ओळख उपयोगी पडली असावी असे मानण्यास जागा आहे.

पेनिसिलिन आणि पित्त

पुण्यात पेनिसिलिनचा विषय परका नव्हता. पिंपरीचा हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४ मध्ये स्थापन झाला आणि पुढच्या वर्षीपासून तेथे पेनिसिलिनचे उत्पादन होऊ लागले. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० पासून पाषाण रस्त्यावर होतीच. साधे पेनिसिलिन अनेक जीवाणूंवर निष्प्रभ ठरू लागल्यावर त्याच्या रेणूची एक बाजू काढून तेथे वेगळी बाजू जोडण्याचा मार्ग पुढे आला. अँपिसिलिन व अमॉक्सिसिलिन अशाच रीतीने तयार होतात. यासाठी प्रथम ‘६-एपीए’ हा गाभा मोकळा करावा लागतो. रासायनिक पद्धतीने तो मोकळा करताना अतिशीत तापमान आणि घातक द्रव्ये लागतात; पेनिसिलिन असायलेज हे विकर, म्हणजे एन्झाइम, तेच काम पाण्यात, सौम्य परिस्थितीत करते. त्यामुळे या विकराचा अभ्यास औषधनिर्मितीच्या दृष्टीने थेट महत्त्वाचा होता.

राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या जीवरसायन विभागात एच. शिवरामन, अर्चना पुंडले आणि सहकारी यांचे या विकरांवर काम चालू होते. बॅसिलस स्फेरिकस या जीवाणूपासून मिळणारे पेनिसिलिन-व्ही असायलेज त्यांनी शुद्ध केले होते. सुरेश यांच्यामुळे त्याच संस्थेत स्फटिकांचे जाणकार उपलब्ध झाले. यॉर्कच्या गटाने १९९५ मध्ये पेनिसिलिन-जी असायलेजची रचना आधीच उलगडली होती. पुणे आणि यॉर्क या दोन्ही ठिकाणच्या संशोधकांनी मिळून पेनिसिलिन-व्ही असायलेजची रचना १९९९ मध्ये प्रसिद्ध केली. निबंधावर दहा लेखकांची नावे आहेत आणि पहिले नाव सुरेश यांचे आहे.

या निबंधातून जे निष्पन्न झाले ते पेनिसिलिनपुरते मर्यादित नव्हते. पेनिसिलिन-जी असायलेजमध्ये प्रत्यक्ष तोडण्याचे काम माळेच्या अगदी टोकाला असलेले सेरीन हे अमिनो आम्ल करते. पेनिसिलिन-व्ही असायलेजमध्ये तेच काम सिस्टीन करते. हे सिस्टीनही माळेच्या टोकालाच असते, आणि त्याच्या आधीचा भाग गळून पडल्यावरच ते कामाला येते. दोन्हींच्या अमिनो आम्लांच्या क्रमात साम्य जवळपास नाही, परंतु घडी मात्र एकच : मधोमध दोन पदर आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना मळसूत्री वळणांचे थर. क्रम पाहून ही दोन विकरे एका घराण्यातील आहेत हे सांगता आले नसते. रचना पाहिल्यावर ते उघड झाले.

याहून विस्मयकारक नाते पित्ताशी निघाले. पेनिसिलिन-व्ही असायलेजचा क्रम ज्या विकरांशी जुळत होता त्यांत आतड्यातील जीवाणूंची पित्तक्षार-विघटक विकरे होती. यकृतात तयार होणारे पित्तक्षार ग्लायसिन किंवा टॉरिन यांना जोडलेले असतात. आतड्यातील जीवाणू हा जोड तोडतात. शरीरातील मेद व कोलेस्टेरॉल यांच्या व्यवहारावर या क्रियेचा परिणाम होतो, म्हणून आज या विकरांना वैद्यकात मोठे महत्त्व आले आहे. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील अस्मिता प्रभुणे, पुंडले, सुरेश आदींनी, पुन्हा यॉर्कच्या साथीने, बिफिडोबॅक्टेरियम लाँगम या जीवाणूतील पित्तक्षार-विघटक विकराची रचना २००६ मध्ये प्रसिद्ध केली व या दोन विकरांचा पूर्वज एकच असावा हे पुराव्यानिशी दाखवले. प्रतिजैविकाच्या कारखान्यासाठी सुरू झालेला शोध अशा रीतीने माणसाच्या पोटापर्यंत पोहोचला. २०१६ मध्येही याच घराण्यातील आणखी एका विकराची, वनस्पतींना रोगी करणाऱ्या पेक्टोबॅक्टेरियम जीवाणूतील असायलेजची रचना याच प्रयोगशाळेतून आली. एकाच प्रश्नाशी इतकी वर्षे चिकटून राहणे आपल्याकडे दुर्मीळ आहे, आणि माझ्या मते या कामाचे खरे मोल त्या चिकाटीत आहे.

विद्यापीठ आणि विषाणू संस्था

पुण्यातील दुसरे उदाहरण वेगळ्या प्रकारचे आहे. गणेशखिंड येथील पुणे विद्यापीठात (२०१४ पासून सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ) १९८७ मध्ये जैवमाहितीशास्त्राचे केंद्र सुरू झाले. शहरातच आंबेडकर रस्त्यावर राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था होती. १९५२ मध्ये स्थापन झालेल्या व्हायरस रिसर्च सेंटरचे हे १९७८ पासूनचे नाव. तिच्याकडे जपानी मेंदूज्वराच्या विषाणूचा दीर्घ अनुभव होता. विद्यापीठाकडे विषाणू हाताळण्याची सोय नव्हती, पण संगणक आणि गणित होते.

१९९५ मध्ये गोचिडीमार्फत पसरणाऱ्या मेंदूज्वराच्या विषाणूवरील आवरण-प्रथिनाची रचना युरोप-अमेरिकेतील संशोधकांनी प्रसिद्ध केली. जपानी मेंदूज्वराचा विषाणू त्याच कुळातील. अशोक कोळस्कर आणि ऊर्मिला कुलकर्णी-काळे यांनी त्या रचनेचा साचा धरून जपानी मेंदूज्वर विषाणूच्या आवरण-प्रथिनाची रचना संगणकावर बांधली आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध केली. तिच्या आधारे प्रतिपिंडे प्रथिनाच्या कोणत्या भागाला धरतील याचा अंदाज त्यांनी बांधला. वर सांगितल्याप्रमाणे माळेवर दूर असलेले भाग घडीत जवळ येतात. प्रतिपिंडे अनेकदा अशा जवळ आलेल्या भागांच्या समुच्चयालाच ओळखतात. केवळ क्रमावरून असे भाग शोधता येत नाहीत. ही पद्धत पुढे २००५ मध्ये त्याच केंद्राने सर्वांना वापरता येईल अशा संगणकीय सुविधेच्या स्वरूपात खुली केली.

विषाणूविज्ञान संस्थेतील मिलिंद गोरे यांच्या गटाने २००१ मध्ये याच आवरण-प्रथिनाच्या एका लहान तुकड्याविरुद्ध तयार केलेले प्रतिपिंड विषाणूला निष्प्रभ करते असे दाखवले आणि पुढे अशा तुकड्यांचे प्रयोग उंदरांवर केले. एकीकडे गणिती अंदाज आणि दुसरीकडे प्रत्यक्ष विषाणूवरील कसोटी, असे हे दोन प्रवाह एकाच शहरात एकाच प्रथिनाभोवती वाहत होते. या प्रथिनाची स्फटिकावरून काढलेली रचना अमेरिकेतून २०१२ मध्ये, म्हणजे पुण्यातील संगणकीय रचनेनंतर तेरा वर्षांनी आली. मधल्या काळात विषाणूच्या अभ्यासकांना आधार होता तो अशा संगणकीय रचनांचाच.

असे असूनही चांदीपुराच्या ‘जी’ प्रथिनाची रचना पुण्यात झाली नाही. विषाणू आणि त्याचे जाणकार एका संस्थेत होते, स्फटिकांचे जाणकार काही किलोमीटरवरील दुसऱ्या संस्थेत होते, संगणकीय रचनेचे जाणकार तिसऱ्या ठिकाणी होते. या तिन्ही संस्थांची पालक खाती निराळी. एक औद्योगिक संशोधन परिषदेची, एक वैद्यकीय संशोधन परिषदेची, एक विद्यापीठ. नळ एका गल्लीतला असला तरी मीटर तीन. रचना न होण्याचे एकमेव कारण हेच, असा दावा येथे नाही. पण शेजार असणे आणि शेजारधर्म पाळला जाणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे येथे स्पष्ट दिसते.

अंतर कोठे मिटले, कोठे नाही

संरचनात्मक जीवशास्त्राची साधने अतिशय महाग असतात आणि ती प्रत्येक संस्थेत असू शकत नाहीत. उत्तम क्ष-किरण सिंक्रोट्रॉनमधून मिळतात. ग्रेनोबल येथील युरोपीय सिंक्रोट्रॉनवरील एक किरणवाहिनी २०१० नंतरची काही वर्षे भारत सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या भागीदारीत चालत होती. इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रातील इंडस-२ या सिंक्रोट्रॉनवर मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने प्रथिन-स्फटिकांसाठी स्वतंत्र किरणवाहिनी उभारली आहे. मुंबईतच टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९८३ पासून चुंबकीय अनुस्पंदनाची राष्ट्रीय सुविधा आहे. तेथे स्फटिकाशिवाय, द्रावणातच प्रथिनाची रचना अभ्यासता येते. बंगळूर येथे २०१७ पासून शीत-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची राष्ट्रीय सुविधा आहे. पुण्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेतील (आयसर) साईकृष्णन कायरट यांच्या गटाने जीवाणूंना विषाणूंपासून वाचवणाऱ्या ‘एमसीआर-बीसी’ या प्रथिनयंत्राची रचना २०१९ मध्ये प्रसिद्ध केली, ती बंगळूर आणि स्टॉकहोम येथील सहकाऱ्यांसमवेत, याच सूक्ष्मदर्शकीय तंत्राने.

यावरून असे वाटेल की आता अंतराला महत्त्व उरले नाही. गोठवलेले स्फटिक द्रव नायट्रोजनच्या भांड्यात घालून कोठेही पाठवता येतात, आणि किरणवाहिनी दुरूनही चालवता येते. हे खरे आहे, परंतु ते केवळ शेवटच्या टप्प्याबाबत खरे आहे. मोजमाप दूरवर करता येते, कारण तेथवर पोहोचलेला नमुना यशस्वी झालेला असतो. त्याआधीचे टप्पे अपयशाचे असतात. प्रथिन विरघळत नाही, शुद्ध केल्यावर दोन दिवसांत बिघडते, एका खेपेला क्रिया दाखवते आणि पुढच्या खेपेला दाखवत नाही. अशा वेळी विकराचा जाणकार आणि स्फटिकाचा जाणकार यांना एकाच दुपारी एकाच बाकावर उभे राहून तीच परीक्षानळी पाहावी लागते. पत्राने हे होत नाही. दूरध्वनीवरही पूर्णपणे होत नाही. पेनिसिलिन असायलेजच्या कामात यॉर्क हजारो किलोमीटर दूर होते तरी चालले. शिवरामन, पुंडले आणि सुरेश हे मात्र एका इमारतसमूहात असावे लागले. शेंगदाण्याच्या लेक्टिनबाबतही हेच दिसते. शेजाराची गरज महागड्या यंत्रापाशी नसून रोजच्या अपयशापाशी असते. आपल्याकडे धोरणे आखताना यंत्रांच्या खरेदीवर जेवढा भर दिला जातो तेवढा या बाबीवर दिला जात नाही.

पुण्यात हा शेजार आता पूर्वीपेक्षा दाट झाला आहे. आयसर २००६ मध्ये स्थापन झाली ती राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारातच, आणि तिचा कायम परिसरही तिला लागून आहे. विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र आहे. २०११ ते २०१८ या काळात त्याचे संचालक असलेले शेखर मांडे हे स्वतः स्फटिकशास्त्रज्ञ आणि नागपूर विद्यापीठाचे भौतिकशास्त्राचे विद्यार्थी. हैदराबादेत असताना त्यांच्या गटाने क्षयाच्या जीवाणूतील एका महत्त्वाच्या प्रथिनाची रचना २००४ मध्ये प्रसिद्ध केली होती.

श्रेयाचा हिशेब

सहकार्याची चर्चा करताना एक अप्रिय विषय टाळता येत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमांनुसार शोधनिबंधाच्या एकूण गुणांपैकी ६० टक्के प्रथम लेखक व संपर्क-लेखक यांनी वाटून घ्यावयाचे आणि उरलेले ४० टक्के इतर सर्वांत समान विभागावयाचे होते. १९९९ च्या त्या दहा लेखकांच्या निबंधाला हा नियम लावून पाहावा. प्रथम लेखक व संपर्क-लेखक या दोन व्यक्ती धरल्या तर उरलेल्या आठ जणांच्या वाट्याला प्रत्येकी केवळ ५ टक्के गुण येतात. वर्षानुवर्षे खपून विकर शुद्ध करणाऱ्याचा वाटा एवढाच! २०१८ च्या नियमांत दोनपेक्षा अधिक लेखक असल्यास प्रमुख लेखकास ७० टक्के व इतरांस प्रत्येकी ३० टक्के असा बदल झाला. तो आधीपेक्षा बराच न्याय्य होता. राष्ट्रीय प्रयोगशाळांतील शास्त्रज्ञांना या गणिताशी कर्तव्य नसते. महाविद्यालयीन शिक्षकाला मात्र ते पदोन्नतीच्या वेळी भोगावे लागते, आणि म्हणून त्याला दहा जणांत एक होण्यापेक्षा एकट्याने एखादा किरकोळ निबंध लिहिणे परवडते. महाविद्यालये मोठ्या सहकार्यात दिसत नाहीत याला साधनांची उणीव जितकी कारणीभूत आहे तितकीच ही गुणपद्धतीही आहे.

नागपूर-वर्धा पट्ट्याच्या संदर्भात

बोर धरणाजवळच्या हिंगणीपासून सेवाग्राम किंवा नागपूर फार लांब नाही. सेवाग्रामला १९६९ पासून महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था आहे. तेथील उष्णकटिबंधीय रोग संशोधन केंद्रात बी. सी. हरिनाथ यांच्या नेतृत्वाखाली हत्तीरोगाच्या प्रतिजनांवर प्रदीर्घ काम झाले. संस्थेत जैवमाहितीशास्त्राचे केंद्रही आहे. नागपुरात १९५८ पासून पर्यावरण अभियांत्रिकीची राष्ट्रीय संस्था नीरी आहे, तिच्याकडे सूक्ष्मजीवांचा मोठा अनुभव आहे. १९२३ पासूनचे विद्यापीठ आहे. रोग, रुग्ण, सूक्ष्मजीव आणि संगणक हे सगळे या पट्ट्यात आहे. प्रथिन शुद्ध करून त्याचा स्फटिक करण्यापर्यंत नेणारा मधला दुवा तेवढा अशक्त आहे.

या स्थितीत महाविद्यालयांना काय करता येईल? प्रथम जे खुले आहे त्याचा उपयोग. प्रथिनांच्या रचनांचे जागतिक भांडार १९७१ मध्ये अवघ्या सात रचनांनी सुरू झाले. आज त्यात दोन लाखांहून अधिक रचना आहेत आणि त्या कोणालाही विनामूल्य पाहता येतात. पुणे व यॉर्क येथील पेनिसिलिन-व्ही असायलेजही ‘३पीव्हीए’ या संकेताखाली त्यात आहे. २०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक ज्या कामाला मिळाले त्यातील अल्फाफोल्ड या संगणकप्रणालीने तर वीस कोटींहून अधिक प्रथिनांच्या रचनांचे अंदाज उपलब्ध करून दिले आहेत. मात्र अंदाज तो अंदाज. चांदीपुराचे ‘जी’ प्रथिन पेशीत शिरताना, सामू कमी होताच, आपला आकार पालटते. क्रम एकच, आकार दोन. २०१५ ची फ्रेंच रचना ही कमी सामूच्या स्थितीतील आहे. संगणक सामान्यतः एक आकार पुढे ठेवतो. तो कोणत्या स्थितीतील आहे आणि त्यातील कोणता भाग खरोखर कामाचा आहे हे प्रयोगानेच ठरते.

चांदीपुरासारखा विषाणू महाविद्यालयात हाताळणे अर्थातच उचित नाही. त्याचे नमुने, त्याची सुरक्षित प्रयोगशाळा हे विषाणू संस्थेचे काम. परंतु असायलेज आणि पित्तक्षार-विघटक विकरांचे घराणे निरुपद्रवी जीवाणूंतही आढळते. दह्यातून किंवा आंबवलेल्या पदार्थांतून वेगळे केलेले लॅक्टोबॅसिलस पित्तक्षार घातलेल्या माध्यमावर वाढवले, तर ज्यांच्याकडे हे विकर आहे त्यांच्या वसाहतीभोवती पांढरा अवक्षेप दिसतो. विकराच्या क्रियेने मोकळे होणारे ग्लायसिन किंवा टॉरिन निनहायड्रिनच्या रंगावरून मोजता येते, आणि त्यासाठी लागणारा कलरीमीटर पदवी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत असतो. कोणत्या सामूला क्रिया अधिक होते, कोणत्या तापमानाला विकर निकामी होते, ग्लायसिनचा जोड आधी तुटतो की टॉरिनचा, ही मोजमापे पदव्युत्तर विद्यार्थी करू शकतात. एखादा जीवाणू वेगळा वागताना दिसला, तर त्याचे जनुक वाचून घेणे, त्याची संगणकीय रचना ‘३पीव्हीए’शेजारी ठेवून पाहणे आणि मग सेवाग्राम, नागपूर किंवा पुणे येथील जाणकाराला मोजमापांसह लिहिणे, एवढे येथून होण्यासारखे आहे. बोरच्या जंगलालगतच्या गावांतून घरोघरी लागणारे दही निरनिराळ्या विरजणांचे असते. त्यातील जीवाणूंची अशी नोंद करण्यास एक शैक्षणिक सत्र पुरेल.